आकाशाचे उमेदवार आणि रामटेके मॅडम

श्रीमती विमलताई रामटेके यांची आणि माझी पहिली भेट भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या बाजारात झाली. रंगीत मासे आणि काचेच्या टाक्या विकणाऱ्या एका दुकानात मी टाक्या जोडण्याचे काम करत होतो. आजही तेच करतो. मॅडम स्कूटर बाहेर लावून आत आल्या आणि त्यांनी चौकटीच्या वहीतला एक कागद माझ्यापुढे उलगडला. त्यावर एका टाकीचे चित्र होते आणि मापे मिलिमीटरमध्ये लिहिलेली होती. आमच्याकडे गिऱ्हाईक दोन्ही हात पसरून ‘एवढी’ असे माप सांगते. मी चित्राच्या बाजू मोजल्या. त्या सहा निघाल्या.

“मॅडम, वरची काच सरकती ठेवायची ना?” मी विचारले.

“नाही. चिकटवायची. सहाही बाजू बंद पायजे.”

“मग मासे कुठून टाकायचे?”

“आधी मासे, मग झाकन.”

“आणि त्यांचं खाणं?”

“ते आतच तयार होईन.”

आमचे मालक हिंदीत म्हणाले, “मैडम, मछली पालनी है कि अचार डालना है?”

“भेजनी है,” मॅडम शांतपणे म्हणाल्या.

“कहाँ?”

मॅडमांनी बोट वर केले. मालकांनी वर पाहिले. तिथे पंखा होता.

त्या दिवशी आम्ही मागे खूप हसलो. ही गोष्ट मी मॅडमांना नंतर सांगितली आहे, म्हणून इथे लिहायला हरकत वाटत नाही.

मॅडमांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लिहा, असे समितीने मला सांगितले तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. या ग्रंथात मोठ्या पदांवरच्या मंडळींचे लेख आहेत. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून नववीपर्यंत झाले आणि मराठी ही आमची घरात बोलायची भाषा. ती लिहायची कशी, हे मी मॅडमांच्या कपाटातला शब्दकोश उघडून शिकलो. तरीही लिहितो आहे, कारण एक गोष्ट अशी आहे की ती माझ्याशिवाय दुसरा कोणी लिहू शकणार नाही. ती पुढे येईल.

मॅडमांनी नोकरीची सगळी वर्षे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. बॉयलरमध्ये जाणारे पाणी किती शुद्ध आहे, हे त्या रोज सांगत. निवृत्त झाल्यावर सेक्टर २ चे क्वार्टर सोडून त्यांनी कुरुदला लहानसे घर बांधले. त्याच सुमारास त्यांच्या वाचनात आले की माशांना अंतराळात नेले तर वजन नाहीसे झाल्यामुळे त्यांना वर कुठे आणि खाली कुठे हे समजत नाही, आणि ते भेलकांडत गोल गोल फिरत राहतात. दुसऱ्या कोणी हे वाचून पान उलटले असते. मॅडमांना प्रश्न पडला की सगळेच फिरतात की काही सावरतात? सावरणारे असतील तर ते आधीच, इथे जमिनीवर, ओळखता येतील काय?

टाकी पोचवायला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा याचे उत्तर डोळ्यांनी पाहिले. मागच्या खोलीत एका हौदासारख्या टाकीत पट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे होते. दुकानात त्यांना झेब्रा म्हणतात. हे मात्र दुकानातले नव्हते, मॅडमांनी कुरुदच्या पलीकडच्या शेतांमधल्या नाल्यातून ते स्वतः जाळीने धरून आणलेले होते. मॅडमांनी खिडकी झाकली, टाकीवरचा दिवा बंद केला आणि बाजूच्या काचेला टेकवून दुसरा दिवा लावला.

“आता पाह्य,” त्या म्हणाल्या.

मासे क्षणभर गोंधळले. मग त्यांतले निम्मे हळूहळू कलंडले, आणि पाठ दिव्याकडे करून, पूर्ण आडवे होऊन, काहीच घडले नाही अशा तऱ्हेने पोहू लागले. खोलीच आडवी झाली की काय असे वाटून मी भिंतीला हात लावला. मॅडमांनी माझा हात पाहिला.

“तू बी कामाचा हायेस,” त्या म्हणाल्या. “तुहा बी भरवसा डोळ्यावर.”

मग त्यांनी समजावून सांगितले. उजेड आहे ती बाजू वर, असे जो मासा मानतो त्याला वजन नसले तरी दिशा सापडते. असे आडवे होणारे मासे निवडायचे, त्यांची पिल्ले वाढवायची, त्यांतून पुन्हा निवडायचे. या माशांना मॅडम ‘उमेदवार’ म्हणत. गोगलगायींची परीक्षा वेगळी होती. त्या बंद पेटीत माशांची विष्ठा आणि काचेवरचे शेवाळ खाऊन पाणी निर्मळ ठेवणार. पण वजन नसताना काचेवरून सुटली आणि तरंगत राहिली तर ती गोगलगाय उपाशी मरणार. म्हणून मॅडम प्रत्येकीला काडीने अलगद सोडवत, आणि पुन्हा पाय टेकवायला तिला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजत. एकेक गोगलगाय, रोज, कित्येक महिने. मी स्वतःला काटेकोर समजत असे. त्या दिवसानंतर समजणे सोडून दिले.

मॅडमांचे शेजारी श्री. साहूजी हे निवृत्त क्रेन ऑपरेटर. ते छत्तीसगढी बोलतात. गोगलगायीला ते घोंघी म्हणतात आणि इकडे घोंघी पावसाळ्यात रांधून खातात. ते पहिल्यापासून मॅडमांना मदत करत, पण रोज एकदा तरी म्हणत, “मैडम, जेन घोंघी ल हमन रांध के खाथन, तेला तुमन अगास भेजत हव!”

“खाऊन पाह्य माही घोंघी,” मॅडम म्हणत. “तुमच्या पोटात बी बरोब्बर चिकटून बसन.”

मॅडमांची कामाची पद्धत प्लांटची होती. बंद पेटीवर लक्ष ठेवायला तीन पाळ्या होत्या: सकाळी मॅडम, दुपारी साहूजी, आणि दुकान सुटल्यावर संध्याकाळी मी. पाळी बदलताना जाणाऱ्याने पेटीची स्थिती मोठ्याने सांगायची आणि येणाऱ्याने ती तशीच म्हणून दाखवायची. “मासे सहा, घोंघी नऊ, तापमान सत्तावीस.” “मासे सहा, घोंघी नऊ, तापमान सत्तावीस.” बाहेरून ऐकणाऱ्याला हे पाढे वाटत. आणि सगळे एका रजिस्टरमध्ये लिहायचे. चुकले तर खोडरबर नाही, गिरवणे नाही. एक आडवी रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. “खालचं वाचता आलं पायजे,” हा मॅडमांचा नियम होता.

त्यांच्या मायेविषयीही लिहिले पाहिजे. त्यांनी मला मुक्त शाळेतून दहावीला बसवले. पहिल्या पेपरला मी केंद्राच्या फाटकातून परत फिरलो. मॅडम स्कूटरजवळ उभ्याच होत्या, जणू मी परत येणार हे त्यांना ठाऊक होते.

“कावून, काय झालं?”

“मले नाही जमत, मॅडम.”

“बरं. पेपर नोको देऊ. फक्त आत जाऊन बाकावर बसून ये. बसनं जमते काय, तेवढं सांगजो.”

मी बसलो. बसल्यावर पेपर पुढे आला, मग लिहिला. गणितात आणि विज्ञानात मी नापास झालो. मॅडमांनी निकाल हातात घेऊन नीट वाचला आणि म्हणाल्या, “तीन विषयांत पास. मांड साखर-चहा.” पुढे ते दोन विषय राहिलेच आहेत. मॅडमांनी त्यांची आठवण काढणे सोडलेले नाही.

आता ती गोष्ट.

मॅडम अनेक वर्षे संशोधन संस्थांना पत्रे लिहीत होत्या. त्यांची सत्तरी उलटल्यावर दक्षिणेकडच्या एका संस्थेतून उत्तर आले. तिथल्या एका डॉक्टर बाईंनी लिहिले होते की अंतराळात पाठवायच्या लहान बंद पेट्यांसाठी त्या उमेदवार शोधत आहेत. अट अशी होती की पेटी साठ दिवस पूर्ण बंद राहावी, आतले सगळे जिवंत असावे, आणि रोजच्या नोंदी मूळ स्वरूपात दाखवाव्यात. ते पत्र मॅडमांनी आम्हाला उभे राहून वाचून दाखवले. साहूजींनी त्या दिवशी घोंघीची थट्टा केली नाही.

पेटी मी जोडली. सहा मासे, नऊ गोगलगायी आणि पाणवनस्पतीची एक जुडी आत गेली, आणि सहावी काच बसली. ते साठ दिवस मी कधी विसरणार नाही. सकाळचे ऊन पेटीवर आले की वनस्पतीच्या पानांवर बारीक बुडबुडे धरत, माशांचा श्वास त्यावर चाले, माशांची घाण गोगलगायी खात, आणि गोगलगायींची घाण पुन्हा वनस्पती घेई. बाहेरून ऊन सोडून काही जात नव्हते. मी पेटीसमोर उभा राहिलो की माझा आवाज आपोआप लहान होई. एका संध्याकाळी तर चपला दाराबाहेर काढून आत गेलो, आणि मग पाहिले की साहूजींच्या चपलाही तिथेच होत्या.

साठ दिवस पार पडले. सगळे जिवंत होते. डॉक्टर बाई तीन दिवसांनी यायच्या होत्या.

मी रजिस्टर पाहिले आणि मला धडकी भरली. पाने ओल्या हातांनी फुगलेली होती. साहूजींच्या पानांवर हळदीचे डाग होते. तीन माणसांची तीन हस्ताक्षरे, मराठीत हिंदी आणि हिंदीत छत्तीसगढी मिसळलेली, जागोजागी आडव्या रेघा. एवढ्या मोठ्या बाई येणार आणि आमच्या मॅडमांची वही अशी? मी नवी वही आणली. दोन सुट्ट्या घेतल्या आणि ते सगळे रजिस्टर सुवाच्य अक्षरात उतरवले. रकाने आखले. खोडलेले गाळले. ‘आज बत्ती दोन बार गई’, ‘चार नंबर सुस्त’ असे शेरे अनावश्यक वाटले, तेही गाळले. जुनी वही कचऱ्याच्या गाडीत टाकली. मला वाटत होते, मी मॅडमांना भेट देतो आहे.

डॉक्टर बाई आल्या. त्यांनी पेटी चहूबाजूंनी पाहिली. मग त्यांनी रजिस्टर मागितले. मी ते दोन्ही हातांनी पुढे केले.

“वाह,” त्या म्हणाल्या. “इतना साफ रजिस्टर तो हमारे यहाँ भी नहीं रहता!”

मॅडमांनी वही त्यांच्याकडून घेतली. एक पान उलटले. दुसरे उलटले. मग वही नाकाशी नेऊन वास घेतला. त्या वहीला पाण्याचा वास नव्हता.

“यह असली नहीं है,” मॅडम म्हणाल्या. “नकल है.”

“तो असली दे दीजिए.”

मॅडमांनी माझ्याकडे पाहिले. मी जे केले ते सांगितले. कसे सांगितले ते आठवत नाही. साहूजींचे तेवढे आठवते. ते हळूच म्हणाले, “मोर अक्षर अतेक खराब हे का गा?”

डॉक्टर बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आँकड़े तो वही हैं न? मैं ‘यह नकल है’ लिखकर जमा कर दूँगी। पेटी तो सामने है।”

मॅडमांच्या इतक्या वर्षांच्या पत्रांचे फळ त्या एका वाक्यात होते. नुसते ‘हो’ म्हणायचे होते.

“प्रमोद,” मॅडमांनी विचारले, “आकडे तेच हायेत?”

“हो, मॅडम.”

“सगळे?”

मला खोटे बोलता आले नाही. “एकतिसाव्या दिवशी सकाळी घोंघी आठ लिहून, दुपारी ते खोडून नऊ केले होते. मी नुसते नऊ लिहिले.”

“पर नौ ही तो सही था,” डॉक्टर बाई म्हणाल्या.

“सही था,” मॅडम म्हणाल्या. “लेकिन एक घोंघी चार घंटे कहाँ थी, वह उस आठ में था।”

मग त्यांनी सांगितले की ती गोगलगाय पाण्याबाहेर येऊन झाकणाच्या काचेच्या कोपऱ्यात, सिलिकॉनच्या कडेला चिकटली होती. पेटी अंतराळात असती तर ती पाण्यात परतली असती काय, हे कोणालाच सांगता येणार नाही. तेव्हा हे माहीत असणे गरजेचे आहे, आणि वहीत ते राहिलेले नाही. असे बोलून त्यांनी टेबलावरून पाते उचलले आणि स्वतःच्या हाताने पेटीची सहावी काच कापून काढली. साठ दिवसांनी आत हवा गेली. खोलीत ओल्या मातीसारखा वास पसरला.

“फिर से करेंगे,” त्या डॉक्टर बाईंना म्हणाल्या. “समय दीजिए।”

मॅडम तेव्हा त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या.

पाहुण्या गेल्यावर मी अंगणात उभा होतो. आत जायची छाती होत नव्हती. आता मॅडम मला येऊ नको म्हणतील आणि ते योग्यच असेल, अशी मी मनाची तयारी करत होतो. मॅडम बाहेर आल्या. त्यांच्या हातात कोरे रजिस्टर होते.

“हे घे. पहिल्या पानावर लिही.”

“काय लिहू?”

“पहिली खेप कावून रद्द झाली, ते लिही. कोनी केलं, कसं केलं. सही कर. मग उद्यापासून सकायची पायी तुही.”

सकाळची पाळी त्यांची स्वतःची होती. ती त्यांनी मला दिली. मी आयुष्यात खूप बोलणी खाल्ली आहेत, काही योग्य आणि काही अयोग्य. पण त्या दिवशी जे मिळाले त्याला काय म्हणतात ते मला शब्दकोशातही सापडलेले नाही.

पहिल्या पेटीतले मासे थकलेले होते, ते पुन्हा घेता येणार नव्हते. म्हणून पुन्हा पिल्ले, पुन्हा आडवा दिवा, पुन्हा घड्याळ. वर्षाहून अधिक काळ गेला. झाकणाचा कोपरा मी या वेळी गोल करून जोडला. दुसऱ्या खेपेला पंचेचाळिसाव्या सकाळी एक मासा तळाशी मेलेला दिसला. मी रजिस्टर उघडले. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

“डोकं कोन्या बाजूले हाये?” त्यांनी विचारले.

“खिडकीकडे.”

“मग तसं लिही. आनि गोगलगायी किती वेळानं त्याच्याजवळ आल्या ते बी पाह्यजो.”

त्यांचा आवाज बदलला नव्हता. डोळे मात्र पाणावले होते. मेलेल्या माशासाठी होते की खेप बिघडली म्हणून, हे मी विचारले नाही. ते रजिस्टर त्या माशासकट, डागांसकट आणि साहूजींच्या हळदीसकट संस्थेकडे गेले.

मागच्या महिन्यात उत्तर आले. मॅडमांच्या गोगलगायींचा वंश पुढच्या टप्प्यासाठी स्वीकारला आहे. माशांसाठी मात्र आणखी दोन पिढ्या वाढवून पुन्हा खेप करावी, असे कळवले आहे. साहूजी म्हणाले, “ले, घोंघी पास, मछरी फेल!” आणि स्वतःच पेढे घेऊन आले. प्रत्यक्ष उड्डाण केव्हा, याची तारीख पत्रात नाही. मी मॅडमांना विचारले, तर त्या म्हणाल्या, “तारीख त्याइची. तयारी आपली.”

मी शांतपणे हिशेब केला आहे. या माशांचे आयुष्य फार तर तीन वर्षांचे. दोन पिढ्या वाढवायच्या, खेप करायची, आणि मग कधीतरी उड्डाण. म्हणजे जो मासा शेवटी भिलाईहून वर जाणार आहे, तो अजून जन्मलेला नाही. त्याची आईही जन्मलेली नाही. त्याला आडव्या उजेडात पाहून ‘हा जाईन’ असे म्हणणारा डोळा मात्र या जगात एकच आहे. साहूजींना आणि मला मोजता येते, लिहिता येते. तसे पाहता येत नाही, अजून तरी नाही.

म्हणून मॅडमांच्या पंच्याहत्तरीनिमित्त मी जी इच्छा करतो आहे तिच्यात माझा स्वार्थ आहे, आणि तो मी लपवत नाही. त्यांचे गुडघे कुरबुर न करोत. दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन पहिल्यासारखेच सुखरूप होवो. सकाळचे ऊन त्यांच्या मागच्या खोलीत येत राहो, आणि त्यांना त्या खोलीत रोज, स्वतःच्या पायांनी, पुष्कळ वर्षे जाता येवो. त्या माशाच्या आजीने अंडी घातली आहेत. काल सकाळी मी ती मोजली, एकदा चुकलो, आणि रेघ मारून बरोबर आकडा लिहिला.